मेरेनचा डेक: मोठी कार्डे कमी करावीत की ग्रेव्हयार्ड भरण्याची साधने वाढवावीत?

हिरवीकाळी

नमस्कार. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारासाठी (यात एका पात्राला कमांडर ठरवून त्याच्याभोवती डेक बांधतात) मी 'मेरेन ऑफ क्लॅन नेल टॉथ' हिच्याभोवती डेक बांधला आहे आणि त्यात पुढे कोणते बदल करावेत याविषयी अनुभवी खेळाडूंचे मत हवे आहे. पुण्यात आमचा चौघांचा ठरलेला गट आहे. 2015 साली मेरेन ज्या तयार डेकमध्ये प्रथम आली, तोच मला एका मित्राकडून मिळाला आणि त्यानंतर सुटी कार्डे घेत घेत मी त्यातील निम्म्याहून अधिक कार्डे बदलली आहेत.

ज्यांनी मेरेन खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिची किंमत चार माना आहे (माना म्हणजे कार्डे खेळण्यासाठी लागणारी शक्ती, ती मुख्यतः लँड कार्डांतून मिळते). आपले दुसरे कोणतेही क्रीचर, म्हणजे पटावर लढणारे कार्ड, मेले की आपल्याला एक एक्सपीरियन्स काउंटर (खेळाडूकडे साठणारी खूण) मिळतो. आपल्या एंड स्टेपच्या, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्याच्या, सुरुवातीला आपण आपल्या ग्रेव्हयार्डमधील (मेलेली आणि टाकलेली कार्डे जातात त्या ढिगातील) एक क्रीचर कार्ड निवडतो. त्याची किंमत आपल्या काउंटरच्या संख्येइतकी किंवा त्याहून कमी असेल तर ते थेट पटावर येते, जास्त असेल तर हातात येते.

अडचण अशी आहे की मेरेन वेळेवर आली तरी डेक तिच्यानंतर थांबतो. काउंटर दोन-तीनच्या पुढे सरकत नाहीत, हातात सहा आणि सात मानांची क्रीचर अडकून राहतात आणि मेरेन दर टर्नला एखादे मोठे कार्ड पुन्हा हातातच आणून देते, जे खेळण्याइतका माना माझ्याकडे नसतो. सध्या डेकमध्ये 34 लँड आहेत. रॅम्पची, म्हणजे माना लवकर वाढवणारी, आठ कार्डे आहेत; त्यांपैकी पाच सोल रिंगसारखी माना देणारी आर्टिफॅक्ट आहेत. क्रीचर 33 आहेत आणि त्यांतील 14 सहा किंवा अधिक मानांची आहेत: कोकुशो, ग्रेव्ह टायटन, अ‍ॅव्हेंजर ऑफ झेंडिकार, क्रेटरहूफ बेहेमथ, रून-स्कार्ड डीमन, वुडफॉल प्रायमस इत्यादी. सॅक्रिफाइस करण्याची, म्हणजे आपलेच क्रीचर स्वतःहून मारण्याची, साधने दोनच आहेत, व्हिसेरा सीअर आणि अ‍ॅशनॉड्स ऑल्टर.

मला दोन मार्ग दिसतात. डेकमधील क्रीचर थेट ग्रेव्हयार्डमध्ये टाकणाऱ्या बरीड अलाइव्हसारख्या कार्डांनी ते लवकर भरावे, किंवा मोठी क्रीचर कमी करावीत. दोन्हींपैकी कोणता मार्ग धरावा? आमच्या गटाने 2025 मध्ये आलेल्या, डेकच्या ताकदीच्या पातळ्या ठरवणाऱ्या ब्रॅकेट पद्धतीतील तिसरी पातळी मान्य केली आहे आणि दोन कार्डांची अनंत साखळी आम्ही कोणीही खेळत नाही, तेव्हा तशा सूचना नकोत. आणखी एक विनंती आहे. वुडफॉल प्रायमस हे मी या खेळात विकत घेतलेले पहिले सुटे कार्ड आहे आणि ते डेकमध्ये राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चौथा_भिडू

आपण मांडलेल्या दोन मार्गांपैकी मोठी क्रीचर कमी करण्याचा मार्ग योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण मेरेनच्या मजकुरातच आहे. ती एका टर्नला एकच कार्ड परत आणते. ग्रेव्हयार्डमध्ये तीन क्रीचर असोत वा तेरा, परत येणारे एकच. त्यामुळे ग्रेव्हयार्डची भर ही आपल्या डेकची अडचण नाही, काउंटरची वाढ ही अडचण आहे. काउंटर वाढतात ते क्रीचर मेल्याने, आणि लवकर मरायचे असेल तर क्रीचर आधी लवकर पटावर यायला हवे. सहा मानांचे क्रीचर सहाव्या टर्नपूर्वी क्वचितच येते आणि आल्यावर ते मरावे असे आपल्यालाही वाटत नाही.

एक उदाहरण टर्नागणिक मांडतो. दुसऱ्या टर्नला साकुरा-ट्राइब एल्डर खेळला आणि प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्यापुढे उभा करून सॅक्रिफाइस केला, तर एक बेसिक लँड मिळते आणि तिसऱ्या टर्नला चार माना हाती असतात, म्हणजे मेरेन एक टर्न आधी येते. त्या टर्नच्या शेवटी काउंटर शून्य असल्यामुळे एल्डर हातात येतो. चौथ्या टर्नला तो पुन्हा खेळून सॅक्रिफाइस करावा. आणखी एक लँड आणि पहिला काउंटर मिळतो, पण एल्डरची किंमत दोन असल्याने तो पुन्हा हातातच येतो. पाचव्या टर्नला हेच केल्यावर काउंटर दोन होतात आणि तेथून पुढे एल्डर एक मानाही न देता दर टर्नला पटावर येऊ लागतो. आता हीच आकडेमोड एका मानाच्या स्टिचर्स सप्लायरसाठी करून पाहा. तो पटावर येताना डेकवरची तीन कार्डे ग्रेव्हयार्डमध्ये टाकतो आणि मरतानाही तीन टाकतो. एकच काउंटर असला तरी तो थेट परत येतो, आणि प्रत्येक फेरीत तो सॅक्रिफाइस करता आला तर सहा कार्डे ग्रेव्हयार्डमध्ये जातात. म्हणजे ग्रेव्हयार्ड भरण्याचे जे काम आपण बरीड अलाइव्हला देणार होता, ते एका मानाचे क्रीचर काउंटर मिळवून देता देता करते. आपल्या प्रश्नातील दोन मार्ग येथे एकत्र येतात.

म्हणून एक आणि दोन मानांच्या क्रीचरची संख्या हा या डेकचा खरा पाया आहे. कमांडर बाजूला ठेवल्यावर डेक 99 कार्डांचा असतो, आणि चौघांच्या डावात पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला कार्ड उचलतो, त्यामुळे दुसऱ्या टर्नपर्यंत प्रत्येकाने नऊ कार्डे पाहिलेली असतात. अशी क्रीचर दहा असतील तर त्या नऊ कार्डांत किमान एक असण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते. चौदा असतील तर ती सुमारे 76 टक्क्यांवर जाते. मी चौदाच्या खाली जाणार नाही.

लँडविषयीही हेच गणित पाहावे. चौथ्या टर्नपर्यंत अकरा कार्डे पाहिली जातात. त्यांत चार किंवा अधिक लँड असण्याची शक्यता 34 लँडच्या डेकमध्ये सुमारे 56 टक्के आणि 37 लँडच्या डेकमध्ये सुमारे 64 टक्के असते. सहा-सात मानांची कार्डे बाळगणाऱ्या डेकने 34 लँडवर चालावे हे मला पटत नाही. कमांडर प्रकारात लँड कमी करून 'खरी' कार्डे वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु जे कार्ड खेळताच येत नाही ते हातात असून नसल्यासारखेच असते.

रॅम्पमध्ये सोल रिंग ठेवून बाकीची चार आर्टिफॅक्ट काढावीत असे मी सुचवेन. दोन मानांचे माना-आर्टिफॅक्ट फक्त माना देते. वुड एल्व्ह्ज, फारहेवन एल्फ आणि सॉलेम सिम्युलॅक्रम लँड आणतात, हल्ला अडवतात, मरून काउंटर देतात आणि पुन्हा परत येऊन आणखी एक लँड आणतात; शिवाय सिम्युलॅक्रम मरताना एक कार्डही देतो. इतर कमांडरच्या डेकमध्ये तीन-चार मानांचा हा रॅम्प संथ वाटेल. मेरेनच्या डेकमध्ये तो एकदा खेळून अनेकदा वापरायचा असतो.

वुडफॉल प्रायमस अवश्य ठेवावा. आठ मानांचे एक कार्ड 99 मध्ये डेकचा वेग बिघडवत नाही, चौदा बिघडवतात. तो पटावर येताना क्रीचर नसलेले कोणतेही एक पर्मनंट (पटावर टिकून राहणारे कार्ड) नष्ट करतो आणि पर्सिस्टमुळे मेल्यावर एकदा परत येऊन पुन्हा तेच करतो. त्याला आठ काउंटरची वाट पाहायला लावू नये, त्याच्यासाठी व्हिक्टिमाइझ घ्यावे. तीन मानांत एक लहान क्रीचर सॅक्रिफाइस करून ग्रेव्हयार्डमधील दोन क्रीचर पटावर येतात, किंमत कितीही असो.

सांज_मिरज

वरील आकडेमोड मला मान्य आहे, परंतु सॅक्रिफाइसच्या साधनांविषयी अधिक बोलले पाहिजे असे वाटते, कारण लहान क्रीचर घेतली आणि ती मारण्याचा मार्ग हाती नसला तर पट केवळ एक-एक ताकदीच्या सैनिकांनी भरतो आणि कोणीही आपल्यावर हल्ला करून ती मारत नाही. प्रतिस्पर्ध्यांना मेरेन दिसत असते. आपली क्रीचर मारून काउंटर देण्याइतके ते उदार नसतात.

व्हिसेरा सीअर हे या डेकमधील माझे सर्वांत आवडते कार्ड आहे. किंमत एक माना, सॅक्रिफाइससाठी काही मोजावे लागत नाही, प्रत्येक वेळी वरचे कार्ड पाहायला मिळते आणि काम झाल्यावर तो स्वतःलाही सॅक्रिफाइस करू शकतो, म्हणजे एका काउंटरवर तो दर फेरीला परत येतो. त्याच्या जोडीला कॅरियन फीडर घ्यावा. तोही एका मानाचा आणि सॅक्रिफाइसला विनामूल्य. येथे 'विनामूल्य' याला फार महत्त्व आहे. प्रतिस्पर्ध्याने आपल्या क्रीचरवर स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स टाकले तर ते एक्झाइल होते, म्हणजे खेळाबाहेर जाते, मरत नाही, आणि आपल्याला ना काउंटर मिळतो ना ग्रेव्हयार्डमध्ये कार्ड. त्या क्षणी माना शिल्लक नसतानाही क्रीचर सॅक्रिफाइस करता येणे हा दोन्ही वाचवण्याचा एकमेव मार्ग असतो. फिरेक्सियन ऑल्टर हेही असेच साधन, पण ते महाग आहे आणि आपल्या गटाच्या नियमांत त्याची गरजही नाही.

दुसरे कार्ड म्हणजे स्कलक्लॅम्प, आणि ते आपल्या यादीत दिसत नाही याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. 2004 साली डार्कस्टील संचात आलेले हे आर्टिफॅक्ट त्याच वर्षी स्टँडर्ड प्रकारात बंद करावे लागले होते. कमांडरमध्ये ते खेळता येते. ते एका मानात येते, एका मानात क्रीचरला जोडता येते, क्रीचरची ताकद एकने वाढवते आणि टिकाव एकने कमी करते, आणि ते क्रीचर मेले की दोन कार्डे मिळतात. एल्डर, सीअर, सप्लायर, वुड एल्व्ह्ज हे सर्व एक टिकावाचे आहेत. त्यांना क्लॅम्प जोडताच ते मरतात. एका मानात दोन कार्डे, एक काउंटर आणि टर्नच्या शेवटी परत आणण्यासाठी एक क्रीचर, हा सौदा या खेळात मला दुसरीकडे कोठेही मिळालेला नाही. म्हणजे क्लॅम्प हेही सॅक्रिफाइसचे एक साधन मानावे.

खेळताना एक क्रम पाळावा. मेरेनचा परिणाम एंड स्टेपच्या सुरुवातीला लक्ष्य निवडतो, म्हणून जे क्रीचर परत आणायचे आहे ते त्याआधीच ग्रेव्हयार्डमध्ये असले पाहिजे. आधी हल्ला करावा, मग दुसऱ्या मुख्य टप्प्यात सॅक्रिफाइस करावे आणि मग टर्न संपवावा. मेरेन स्वतः मेली तरी काउंटर जात नाहीत, कारण ते तिच्यावर नसतात, खेळाडूकडे असतात. त्यामुळे तिला काही करून वाचवण्यासाठी चांगली क्रीचर खर्ची घालू नयेत. ती कमांडर असल्यामुळे दोन माना जास्त देऊन तिला पुन्हा खेळावे आणि जेथे थांबलो तेथून पुढे जावे.

मोठ्या क्रीचरपैकी कोणती ठेवावीत याचा निकष मी असा लावते: पटावर आल्याक्षणी किंवा मेल्याक्षणी त्याने काम केले पाहिजे. कोकुशो मेल्यावर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे पाच आयुष्य जाते आणि तिघांचे मिळून पंधरा आपल्याला मिळते. ग्रेव्ह टायटन येतानाच दोन झोंबी देतो. अ‍ॅव्हेंजर जितक्या लँड तितकी रोपे देतो, आणि ते प्रत्येक रोप सीअरच्या तोंडी दिले की एक काउंटर मिळतो, कारण टोकनचे (दुसऱ्या कार्डाने निर्माण केलेल्या क्रीचरचे) मरणही मोजले जाते. रून-स्कार्ड डीमन डेकमधून हवे ते कार्ड आणतो. क्रेटरहूफ मात्र मी काढेन. त्याला पटावर अनेक क्रीचर एकाच वेळी जिवंत हवी असतात आणि आपला डेक नेमका त्याच्या उलट दिशेने चालतो.

काठावरचा_प्रेक्षक

दोन्ही उत्तरे चांगली आहेत. मी दोन गोष्टी जोडतो, त्यातील पहिली ग्रेव्हयार्डच्या विरोधातील कार्डांची.

मेरेन एकदा चालली की पुढच्या आठवड्यात कोणीतरी बोजुका बॉग किंवा रेस्ट इन पीस घेऊन येणारच, आणि यावेच. बोजुका बॉग ही लँड आहे. ती एकदाच आपले ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते आणि लहान क्रीचरचा डेक त्यातून दोन टर्नमध्ये सावरतो. रेस्ट इन पीस अधिक कठीण आहे. त्यामुळे कार्डे आणि टोकन ग्रेव्हयार्डमध्ये पोचतच नाहीत, ती एक्झाइल होतात, म्हणून क्रीचर 'मेले' असे होत नाही आणि काउंटरही थांबतात. त्याविरुद्ध रेक्लमेशन सेज आणि कॉस्टिक कॅटरपिलर हवेत. कॅटरपिलर एका मानाचा आहे. पुढे दोन माना देऊन त्याला सॅक्रिफाइस केले की एक आर्टिफॅक्ट किंवा एन्चँटमेंट नष्ट होते, आणि इतर डावांत तो मेरेनच्या पहिल्याच काउंटरवर परत येत राहतो. असॅसिन्स ट्रॉफी दोन मानांत प्रतिस्पर्ध्याचे कोणतेही पर्मनंट नष्ट करते, तेव्हा तीही असावी.

दुसरी गोष्ट चौघांच्या टेबलाची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सुधारलेला मेरेनचा डेक जिंकण्यापूर्वी बराच वेळ इतरांना खेळू देत नाही. फ्लेशबॅग मरॉडर तीन मानांचा आहे. तो आला की प्रत्येक खेळाडू एक क्रीचर सॅक्रिफाइस करतो आणि आपण मरॉडरच सॅक्रिफाइस करतो. तीन काउंटर झाले की हे दर टर्नला घडते. त्यात ग्रेव्ह पॅक्ट आले की आपले एक क्रीचर मेल्यावर इतर प्रत्येकाचे एक जाते. स्पोर फ्रॉग एका काउंटरवर दर फेरीला परत येऊन एका हल्ल्याचे सर्व नुकसान रोखतो. ही तिन्ही कार्डे तिसऱ्या ब्रॅकेटच्या नियमांत बसतात, परंतु ती एकत्र आल्यावर बाकीचे तिघे आपल्या टर्नला एक लँड ठेवून पुढे सरकतात आणि संध्याकाळ निघून जाते. ब्रॅकेट ही संख्या आहे. समोर बसलेल्या तिघांना डाव कसा वाटतो हे ती सांगत नाही.

म्हणून ग्रेव्ह पॅक्ट ठेवणार असाल तर डाव संपवणारी कार्डेही त्याच प्रमाणात ठेवावीत असा माझा आग्रह आहे. ग्रे मर्चंट ऑफ अस्फोडेल पाच मानांचा आहे आणि तो पटावरील आपल्या कार्डांच्या किमतींतील काळ्या माना-चिन्हांइतके आयुष्य प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून घेतो. त्याची स्वतःची दोन चिन्हे, मेरेनचे एक आणि ग्रेव्ह पॅक्टची तीन मिळून सहा होतात, म्हणजे तिघांकडून प्रत्येकी सहा आणि आपल्याला अठरा. पाच काउंटरवर तो दर टर्नला आला तर डाव काही फेऱ्यांत आटोपतो. झुलापोर्ट कटथ्रोट दोन मानांत, आपले प्रत्येक क्रीचर मेल्यावर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे एक आयुष्य कमी करतो. ही कार्डे असली की पट रोखून धरण्याला काही अर्थ येतो.

हिरवीकाळी

तिघांचेही मनापासून आभार. मेरेन एका टर्नला एकच कार्ड आणते या एका वाक्याने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. आपल्या सूचनांवरून केलेले बदल खाली देते, कृपया तपासावेत.

चौदापैकी आठ मोठी क्रीचर काढत आहे. त्यांत क्रेटरहूफ आहे. कोकुशो, ग्रेव्ह टायटन, अ‍ॅव्हेंजर, रून-स्कार्ड डीमन, वुडफॉल प्रायमस आणि आणखी एक अशी सहा राहतील. सोल रिंगखेरीज चारही माना-आर्टिफॅक्ट काढत आहे. या बारा जागांवर तीन लँड, वुड एल्व्ह्ज, फारहेवन एल्फ, सॉलेम सिम्युलॅक्रम, स्टिचर्स सप्लायर, कॅरियन फीडर, कॉस्टिक कॅटरपिलर, झुलापोर्ट कटथ्रोट, स्कलक्लॅम्प आणि व्हिक्टिमाइझ येतील. रेक्लमेशन सेज, असॅसिन्स ट्रॉफी, ग्रे मर्चंट आणि फ्लेशबॅग मरॉडर माझ्याकडे आधीपासून आहेत. स्पोर फ्रॉग घेणार नाही. आमच्या गटातील एका मैत्रिणीचा संपूर्ण डेक हल्ल्यावर उभा आहे आणि तिने दर फेरीला हात बांधून बसावे असे मला वाटत नाही.

दोन प्रश्न उरतात. ग्रेव्ह पॅक्टविषयी माझा निर्णय होत नाही. ते माझ्याकडे आहे, पण डेकमध्ये ठेवू की नको? आणि डेकमधून हवे ते कार्ड शोधून देणारे डेमॉनिक ट्यूटर हे गेम चेंजर यादीतील (मर्यादित संख्येतच चालणारे जोरकस) कार्ड असून तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये अशी तीनपर्यंत चालतात, तर ते घेण्यासाठी पैसे साठवावेत का?

चौथा_भिडू

यादी उत्तम आहे. एकच दुरुस्ती सुचवतो: एक व दोन मानांची क्रीचर आता एकूण किती झाली ते मोजा आणि चौदाला कमी पडत असतील तर ते सहावे मोठे क्रीचरही काढून सॅटर वेफाइंडर घ्या. तो दोन मानांत वरची चार कार्डे उघडतो, त्यांतील एक लँड हातात घेता येते आणि उरलेली ग्रेव्हयार्डमध्ये जातात.

डेमॉनिक ट्यूटरसाठी सध्या पैसे साठवू नयेत. ते कार्ड उत्कृष्ट आहे, परंतु कोणते कार्ड शोधायचे हे ज्या डेकला ठरलेले असते त्याला त्याचा खरा उपयोग होतो. आपला डेक एका विशिष्ट कार्डावर अवलंबून नाही आणि तीच त्याची ताकद आहे. त्याच पैशांत रंगांच्या दुहेरी लँड घेतल्या तर दर डावात उपयोगी पडतील. मात्र एल्डर, फारहेवन एल्फ आणि सिम्युलॅक्रम बेसिक लँडच शोधतात आणि वुड एल्व्ह्जला फॉरेस्ट लागते, त्यामुळे किमान वीस-बावीस बेसिक लँड राहतील याकडे लक्ष द्यावे, त्यातही फॉरेस्ट थोड्या अधिक.

नवी कार्डे विकत घेण्यापूर्वी त्यांची नावे आणि मजकूर कागदावर लिहून, ते कागद जुन्या लँड कार्डांवर ठेवून स्लीव्हमध्ये घालावेत, गटाची संमती घ्यावी आणि काही डाव तसे खेळावेत. घरी एकट्यानेही डेक पिसून पहिले पाच टर्न खेळून पाहता येतात. प्रत्येक वेळी मेरेन कोणत्या टर्नला आली आणि पाचव्या टर्नच्या शेवटी काउंटर किती होते, एवढ्या दोनच गोष्टी टिपाव्यात. बहुतेक वेळा काउंटर दोन किंवा अधिक असतील तर बदल लागू पडले असे समजावे.

काठावरचा_प्रेक्षक

ग्रेव्ह पॅक्टविषयी: पहिले काही डाव ते बाहेर ठेवावे. बारा कार्डे एकदम बदलली आहेत, त्यात हे इतके जोरकस कार्ड असले तर डेक लहान क्रीचरमुळे चालतो आहे की केवळ पॅक्टमुळे, हे आपल्याला कळणार नाही. लहान क्रीचरचा भाग स्वतःच्या बळावर चालू लागल्यावर गटातील तिघांना सांगून एक डाव त्याच्यासह खेळावा आणि त्यांचे मत विचारावे. त्याच्या जागी तोवर ब्लड आर्टिस्ट ठेवता येईल. दोन मानांचा आहे, म्हणजे वरच्या चौदांच्या हिशेबातही तो धरता येतो.

सांज_मिरज

सहमत आहे, आणि स्पोर फ्रॉगविषयीचा आपला निर्णय मला विशेष आवडला. अजून एक सूचना आहे. सप्लायरने वुडफॉल प्रायमसला पहिल्या दोन-तीन टर्नमध्येच ग्रेव्हयार्डमध्ये टाकले आणि हातात व्हिक्टिमाइझ असले, तरी मेरेनची वाट पाहू नये. सप्लायरलाच सॅक्रिफाइस करावे आणि चौथ्या टर्नला प्रायमस पटावर आणावा. त्याच्यासोबत दुसरे क्रीचर कोणते निवडावे हे मात्र सप्लायरला सॅक्रिफाइस करण्यापूर्वी ठरवावे लागते, कारण व्हिक्टिमाइझ खेळतानाच दोन्ही लक्ष्ये सांगायची असतात आणि सप्लायर मरताना पडणारी नवी तीन कार्डे तोवर ग्रेव्हयार्डमध्ये आलेली नसतात.